वैजापूरला ठेवलेलं प्रस्थान

१

नाश्ता आटोपला की जेवणाचं टेबल पुसायचं, त्यावर लॅपटॉप, भिंग आणि वेळापत्रकांचा गठ्ठा मांडायचा आणि बारा वाजता कुणावर तरी चिडून उठायचं, हा डॉ. सूर्यभान ठोंबरे यांचा जुलैपासूनचा नेम होता. चिडायला माणूसच लागे असं नाही. कधी विमान कंपनी पुरे, कधी स्वतःचं अक्षर, कधी अख्खा आल्प्स पर्वत.

"यांची सोनेरी झाडं बघायला माणसं जगभरातून येतात," ते स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडत, "आणि झाडं सोनेरी झाली की हे रोपवे बंद करून सुट्टीवर जातात! पंधरा ऑक्टोबरला कुलूप! आहे का काही अक्कल?"

"नाही हो," द्वारकाबाई आतून म्हणत. भाजी निवडताना त्यांचं हे उत्तर तयारच असे.

अर्ज भरणं हा आणखी एक छळ होता. पासपोर्टवर औरंगाबाद, आधार कार्डावर छत्रपती संभाजीनगर, आणि हॉटेलच्या यादीत गावाचं नाव शोधलं की हमखास बिहारमधलं औरंगाबाद निघे. एकदा तर सूर्यभानरावांनी वैतागून तेच ठेवून दिलं. मग दिवसभर आपण काही भलतंच केलं की काय या काळजीनं जेवले नाहीत, आणि संध्याकाळी पुन्हा सगळा अर्ज भरला.

छत्तीस वर्षं त्यांनी कॉलेजात भूगोल शिकवला होता. हिमनदीनं कोरलेली दरी फळ्यावर त्यांनी इतक्यांदा काढली की डोळे मिटूनही काढता आली असती. प्रत्यक्षात बर्फ पाहिला तो रसवंतीच्या गाडीवर. निवृत्तीनंतर जाऊ, मुलीचं लग्न झालं की जाऊ, असं करत अठ्ठ्याहत्तरावं लागलं आणि मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याचा मधला भाग झिजतोय. उजवा डोळा गेल्यातच जमा होता. डावा अजून वर्षभर साथ देईल.

"कडेकडेचं दिसत राहील, सर. समोरचं जाईल. काही बघायचं राहिलं असेल तर या वर्षी बघून घ्या."

राहिलं होतं. लार्च नावाचं झाड बघायचं राहिलं होतं. सुयांसारख्या पानांचं, तरीही शरदात पिवळं होऊन झडणारं. डोंगरच्या डोंगर दहा-बारा दिवस सोन्यासारखे होतात आणि मग उघडे पडतात. ते झाड द्वारकाबाईंच्या शेजारी बसून बघायचं, एवढंच त्यांना हवं होतं. शामोनी, झेरमाट, पॉन्त्रेसिना, मेरानो, इन्सब्रुक. आल्प्समधले पाच मुक्काम, दहा रात्री. निघायचं सात ऑक्टोबरला.

डॉक्टरांनी दिलेला चौकटींचा कागद फ्रिजवर चिकटवलेला होता. रोज सकाळी एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि किती चौकटी गायब दिसतात ते लिहायचं. डाव्या डोळ्याला तीन महिने चारच चौकटी गायब होत्या. चारच्या चार. त्या आकड्यावर त्यांचा फार जीव होता.

२

महालक्ष्म्यांच्या जेवणाला वैजापूरहून सारजाबाई आल्या. त्या द्वारकाबाईंच्या भावजय. भाऊ वारल्यापासून द्वारकाबाईंचं माहेरचं घर त्याच राखून होत्या. पुरणपोळीवर तूप वाढता वाढता प्रवासाची तारीख निघाली, आणि सारजाबाईंचा हात तसाच थांबला.

"सात तारीख? दाजी, पितरपाट हाय की तवा!"

"असू दे."

"असू दे कसं? पितरपाटात माणूस शीव वलांडतं व्हय? आन् तुम्ही निघाले जर्मनीला."

"स्वित्झर्लंडला."

"तेच ते."

"वहिनी, पितृपक्ष आहे म्हणून झाडाची पानं गळायची थांबत नाहीत."

"मंग गळायला लागलेलं झाड बघाया एवढ्या लांब कामून जाता? आमच्या दारातली बाभूळ बघा. ती बी गळती."

द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. सूर्यभानराव हसले नाहीत. सारजाबाईंनी त्यावर तोडगा काढला. पस्तान ठेवा.

पस्तान म्हणजे प्रस्थान. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी निघणाऱ्याच्या कपड्याचं गाठोडं, जायच्या दिशेला, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं की माणूस निघाला, मग तो स्वतः उंबरा कधी का ओलांडेना. लहानपणी गंगापूरला असताना सूर्यभानरावांचे वडील कोर्टाच्या तारखेला जाताना असं करत. तेव्हाही त्यांना त्याची चीड यायची. आता मात्र वादाचा कंटाळा आला होता. शिवाय, खरं सांगायचं तर, मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं की ठेवलं तर बिघडलं कुठं.

"दिशा कोणती पण?" त्यांच्यातला प्राध्यापक जागा झाला. "विमानतळ चिकलठाण्याला, म्हणजे पूर्वेला. मुंबई पश्चिमेला. युरोप वायव्येला."

"म्हंजे मावळतीकडं. वैजापूर मावळतीलाच हाय. मी नेते."

"मग माझंही न्या," द्वारकाबाई म्हणाल्या.

"वन्सं, काय बोलता! लेकीचं गाठुडं माहेरी आलं तर लोक म्हणतील, म्हातारपणी नवरा टाकून आली. तुमचं वेगळं लागत नाय. तुम्ही जाल की दाजींच्या मागनं."

सदरा धुतलेला नको, अंगावरून काढलेला द्या, असं सारजाबाईंनी बजावलं. घामाचा वास पाहिजे म्हणाल्या. निळ्या चौकटींचा सदरा, सुपारी, हळकुंड, मूठभर अक्षता. सगळं जुन्या पंच्यात बांधलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी रिक्षा आली. सारजाबाईंनी गाठोडं आधी आत ठेवलं, जरा पलीकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "बसा दाजी, नीट बसा." मग स्वतः बसल्या. द्वारकाबाईंना हात केला, "येते वन्सं." सूर्यभानराव फाटकाला धरून उभे होते, त्यांनीही हात वर केला. सारजाबाईंची नजर त्यांच्यावरून गेली, जशी फाटकाच्या खांबावरून जावी, आणि रिक्षा बसस्टँडकडे वळली.

३

दुसऱ्या दिवशी एक लिटरऐवजी अर्धाच लिटर दूध आलं. सूर्यभानरावांनी फकिराला फोन लावला. पंधरा वर्षं तो त्यांच्याकडे दूध घालत होता.

"फकिरा, अर्धा लिटर कशाला घातलंस?"

"काकूंना एकलीला लिटर कशाला लागतंय? सर गेले ना परदेशात."

"अरे मीच बोलतोय."

फकिरा जपून म्हणाला, "सर? तुम्ही तिथून बोलून राह्यले का?"

सूर्यभानरावांनी फोन आपटला. गल्लीत बातम्या फुटतात कशा, यावर ते पंधरा मिनिटं बोलले.  शेजारच्या खोलीत रेडिओ चालू असावा तशा द्वारकाबाई काम करत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी शामोनीच्या पाहुणघराची मेल आली. आमच्याकडे राहिल्याबद्दल आभार, पुन्हा या.

त्यांनी भिंगातून ती चारदा वाचली. आधी वाटलं, तारीख लिहिताना महिना आणि दिवस उलटसुलट केला असेल. त्यांच्याकडून असं होऊ शकत होतं. हल्ली त्यांच्याकडून काहीही होऊ शकत होतं. जुने कागद काढले. तारीख बरोबर होती. मग वाटलं, आडनावाचा घोळ. पण जगात किती ठोंबरे याच आठवड्यात शामोनीला गेले असतील? शेवटी त्यांनी फोन लावला. मालकीणबाईंचं इंग्रजी मोडकं होतं, पण आवाज प्रेमळ होता.

"हो हो, मिस्टर ठोंबरे! पोचलात का पुढं, झेरमाटला?"

"मी भारतात आहे. मी तुमच्याकडे आलोच नाही."

बाई हसल्या. त्यांना ही थट्टा वाटली असावी. "तुम्ही लवकर आलात, म्हणून मी डोंगराकडची खोली दिली. दोन दिवस खिडकीशी बसून होता. जेवायलासुद्धा खाली आला नाहीत. इतकं बघणारा माणूस मी पाहिला नाही."

 सूर्यभानरावांच्या तोंडून भलताच प्रश्न गेला. "माझ्याबरोबर कोण होतं?"

"कुणीच नाही. मी पत्नीबद्दल विचारलं, तर तुम्ही म्हणालात, ती मागून येईल."

हा फसवणुकीचा प्रकार आहे, त्यांनी स्वतःला समजावलं. माहिती चोरतात, आवाज चोरतात, वर्तमानपत्रात रोज येतं. पाणी प्यायला उठले. फ्रिजसमोर सवयीनं उजवा डोळा झाकला आणि ठिपक्याकडे बघितलं.

ठिपका नव्हता. त्याच्याभोवतीच्या नऊ चौकटीही नव्हत्या.

४

पुढच्या दोन दिवसांत त्यांनी आपल्या शंकांची यादी केली. डोळ्यांचा आजार वाढला तर माणसाला नसलेलं दिसतं, असं डॉक्टर म्हणाले होते. पण नसलेलं ऐकू येतं असं म्हणाले नव्हते. स्मरणशक्ती गेली असेल? त्यांनी राजधान्या म्हणून पाहिल्या, घाटांची नावं म्हणून पाहिली. सगळं जागेवर होतं.

जेवायला बसले तेव्हा टेबलावर एकच ताट होतं.

"अहो, माझं?"

द्वारकाबाई दचकल्या. भाताचा डाव हातातच राहिला. त्यांनी घाईनं दुसरं ताट काढलं, आणि वाढताना त्यांचे डोळे भरून आले.

"काय झालं मला कळत नाही. सकाळपासून मनात येतंय, हे एकटेच कसे गेले. पंधरा दिवस आधी गेले. मला न सांगता गेले."

"द्वारका, मी समोर बसलोय."

"दिसताय की. म्हणून तर कळत नाही."

झेरमाटची मेल आली तेव्हा त्यांनी ती द्वारकाबाईंना वाचायला लावली, कारण त्यांना स्वतःला आता ओळीचा मधला शब्द दिसत नव्हता. तेच आभार. तीच खिडकी. चौकटी सोळा झाल्या होत्या.

पॉन्त्रेसिनाची मेल मात्र वेगळी होती. तिथले तीन दिवस अजून संपलेले नव्हते. आपला मुक्काम सुखाचा चालला आहे ना, हवा स्वच्छ आहे, लार्च यंदा लवकरच ऐन रंगात आले आहेत.

सूर्यभानरावांनी दुपारी तिथं फोन लावला. आवाज शक्य तितका करडा ठेवून म्हणाले, ठोंबरे यांच्या खोलीत जोडून द्या.

घंटी वाजली. चारदा, पाचदा. कुणीतरी रिसीव्हर उचलला. बोललं कुणी नाही. पण खोली ऐकू येत होती. मोठी, उघडी खोली, आणि त्यात श्वास, थोडा नाकातून शिट्टीसारखा वाजणारा. तो श्वास त्यांना ओळखीचा वाटला. मग लक्षात आलं, द्वारकाबाई आयुष्यभर ज्याची तक्रार करत आल्या तो हाच.

"कोण आहे? बोला ना!" ते ओरडले. "अहो, बोला की राव!"

पलीकडे खूप लांबून शेळी ओरडली. भांडं ठेवल्याचा आवाज आला. आणि दाराशी येऊन एक बाई म्हणाली, "दाजी, च्या ठिवलाय. निवून जाईल."

५

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते एकटेच वैजापूरला गेले. द्वारकाबाई येते म्हणाल्या नाहीत. दारात उभ्या राहून त्यांनी फक्त विचारलं, "आता परत कुठं?"

सारजाबाई ओसरीवर कांदे निवडत बसल्या होत्या. त्यांना बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि खुळ्यासारख्या आतल्या दाराकडे बघायला लागल्या, मग परत त्यांच्याकडे.

"दाजी, तुम्ही हिकडून कुठून आले?"

"एसटीनं आलो. गाठोडं कुठंय?"

"मधल्या खोलीत. खुंटीला. भुईला टेकवत नाय." त्यांनी आवाज खाली केला. "मी च्या ठिवते रोज. ठिवायचा म्हणून ठिवते असं नाय. आत कोण बसलंय असं वाटतं, मंग कसं बरं दिसतं नाय ठिवलं तर?"

"पितो कोण?"

"निवलेला अस्तो. लई गार. हिरीच्या पाण्यावानी."

सूर्यभानराव खाटेच्या कडेवर बसले. "वहिनी, खरं सांगा. हे असं पंधरा पंधरा दिवस ठेवतात का?"

सारजाबाई कांद्याचं टरफल सोलत राहिल्या. "नाय. तीन दिसाच्या वर नाय ठिवत. पन तुमचा पितरपाट आडवा आला..."

"आणि हे तुम्ही मला आता सांगताय?"

"तुम्ही पोरांना शिकवायचे दाजी. म्या म्हनलं तुम्हाला ठावं असंल!"

 छत्तीस वर्षं, एक पीएचडी, आणि नियम विचारायचं सुचलं नाही. सूर्यभानराव रागानं उठले. "मी परत नेतो ते."

"माघारी न्यायचं नाय! पस्तान माघारी गेलं की प्रवास सरला. मंग विमानात बसलं काय आन् नाय बसलं काय."

"आणि राहू दिलं तर?"

सारजाबाईंनी पुढचा कांदा घेतला. सूर्यभानरावांना उत्तर ठाऊक होतं. अजून मेरानो होतं, इन्सब्रुक होतं. मुक्काम वाढतील तशा गायब चौकटी पंचवीस होतील, मग छत्तीस.

मधल्या खोलीला एकच लहान खिडकी होती आणि ती शेजारच्या भिंतीवर उघडत असे. बाहेर सप्टेंबरचं ऊन रणरणत होतं. आत पाऊल टाकताच त्यांच्या पायाचे तळवे गार पडले. ओल्या लाकडाचा, आणि त्याखाली कसला तरी गोडसर डिंकाचा वास होता. असलं झाड या मुलखात उगवत नाही हे त्यांना लगेच कळलं. खुंटीला गाठोडं लटकलं होतं. निदान तिथं असणार, कारण त्यांनी सरळ बघितलं तेव्हा तिथं फक्त राखाडी डाग होता, हल्ली प्रत्येक गोष्टीच्या मधोमध असे तसा.

डॉक्टरांनी युक्ती शिकवली होती. जे बघायचं त्याच्याकडे बघायचं नाही, बाजूला बघायचं.

त्यांनी दाराच्या बिजागरीवर नजर लावली. कडेनं खुंटी दिसली, पंचा दिसला, आणि पंच्याखाली बाजेवर कुणीतरी बसलेलं दिसलं. पाठ त्यांच्याकडे. निळ्या चौकटींचा सदरा. माणूस गाडीच्या खिडकीशी बसावा तसा पुढं झुकलेला होता, आणि त्याच्या समोरच्या भिंतीवरचा उजेड चुन्याचा नव्हता. पिवळा होता, हलता होता. खांदे मागंपुढं होत होते. सूर्यभानरावांना वाटलं तो हसतोय. मग वाटलं, रडतोय. एखादी गोष्ट फार सुंदर असली की आपण असेच बसतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याच वेळी त्यांना जो मत्सर वाटला तो आयुष्यात कुणाबद्दल वाटला नव्हता.

माणसानं मान वळवायला सुरुवात केली.

सूर्यभानरावांनी बिजागरीवरची नजर काढली नाही. हात लांब करून खुंटीवरून गाठोडं ओढलं. ते भिजलेल्या घोंगडीसारखं जड होतं, आणि बोटं बधिर झाली. मग वळून सरळ बाजेकडे बघितलं. तिथं रिकामा राखाडी डाग होता.

ओसरीवर सारजाबाई उभ्या होत्या. "काय दिसलं?"

"काही नाही," ते चिडून म्हणाले. "काय दिसणार आहे मला?"

६

गाठोडं काखेत घेऊन घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. द्वारकाबाईंनी त्यांना उंबऱ्यावरच थांबवलं. आतून पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा आणला, तो त्यांच्यावरून ओवाळून अंगणात टाकला, पायांवर पाणी घातलं. लांबच्या प्रवासातून आलेल्या माणसाला असंच घरात घेतात.

"आलात एकदाचे," त्या म्हणाल्या. आवाजात रुसवा होता, पण सुटकाही होती. कितीतरी दिवसांनी त्या थेट त्यांच्याशी बोलत होत्या.

"द्वारका, मी फक्त वैजापूरला गेलो होतो."

"बसा आधी. चहा टाकते. पण मला न्यायचं कबूल केलं होतं तुम्ही. हे काही मी विसरणार नाही."

त्या चहा घेऊन आल्या, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "हं, सांगा. कसं होतं?"

मी गेलोच नाही, असं ते म्हणणार होते. तोंड उघडलं आणि म्हणाले, "सकाळी उतारावर सावली असते. सात-साडेसातला वरच्या ओळीतल्या झाडांना ऊन लागतं, आणि मग ते एकेक ओळ खाली उतरतं. कुणी दिवे लावत यावं तसं. आधी वाटतं पिवळं आहे. नाही. तांबूस आहे, मधासारखं. एकेक सुई वेगळी दिसते, द्वारका. एकेक. मी मोजू शकलो असतो."

"अगंबाई."

"खाली नदी आहे. तिचं पाणी दुधट असतं, हिमनदीनं दळलेल्या खडकाच्या पिठामुळं. हे मी शिकवायचो, पण एवढं दुधट असेल असं वाटलं नव्हतं." त्यांना आपला आवाज ऐकू येत होता. थांबवता येत नव्हता, आणि थांबवावासाही वाटत नव्हता. "वारा नसतो. तरी सुया गळत असतात. आवाज येत नाही त्यांचा. तीन दिवस मी नुसता बघत होतो."

"आणि पुढं? मेरानो?"

"ते राहिलं. तिथवर गेलो नाही."

"मग ते आपण दोघं बघू," द्वारकाबाई म्हणाल्या. "सात तारखेची तिकिटं आहेतच की. पण अहो..."

"काय?"

"एवढं बोलताय, आणि सगळं त्या दाराकडं बघून. इकडं बघा ना माझ्याकडं."

त्यांनी मान वळवली. समोर खुर्ची होती, खुर्चीच्या कडेला हिरव्या पातळाचा काठ होता, बांगड्या होत्या, कपाच्या कानात अडकवलेली दोन बोटं होती. आणि मधोमध, पदर संपतो तिथपासून केसांच्या वळणापर्यंत, आता राखाडी डाग नव्हता. तिथं स्वच्छ, लखलखीत सोनेरी उतार होता, आणि त्यावरून एकेक सुई सावकाश खाली येत होती.

"बघा की हो," त्या उतारामागून द्वारकाबाई म्हणाल्या.

"बघतोय की," सूर्यभानराव वैतागून म्हणाले. "तेच तर करतोय!"